हलकी बॅग

गॅरेजचं दार अर्धवट खाली ओढून धाकट्याने बॅगेच्या मोठ्या कप्प्यात हात घातला आणि छत्री बाहेर काढली. दोन माणसं आरामात मावतील अशी दुहेरी कापडाची छत्री होती ती. त्याने ती जुन्या टायरांच्या मागे उभी केली. मग पावसाळी जाकीट काढलं, मग चेंडूंची खोकी, मग पाण्याची जाड बाटली. प्रवासाचं सामान तोलायचा काटा छताच्या हुकाला आधीच अडकवलेला होता. त्यावर बॅग टांगून तो मागे सरला आणि मान वाकडी करून आकडा वाचू लागला.

"स्वतःच्याच घरात चोरी करणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय," मागून वहिनी म्हणाली.

तो दचकला. घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारात ती चहाचा कप घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"चोरी कसली? साफसफाई करतोय."

"महिनाभर रोज साफसफाई? परवा माझ्या शिलाई मशीनमागे तुमचे मोजे सापडले, भाऊजी. माळ्यावर हातमोजे. आता फ्रीजमध्ये चेंडू सापडले की झालं."

त्याने तिच्या हातातला चहा घेतला. बॅग काट्यावर हळूहळू गिरकी घेत होती. तिच्यावर सोनेरी धाग्याने त्याचं नाव भरलेलं होतं आणि नावाखाली दोन छोटे चषक. बॅग बनवणाऱ्या कंपनीने तिसऱ्या चषकासाठी शेजारी जागा मोकळी सोडली होती. कंपन्यांना अशा बाबतीत फार सुचतं.

धाकटा गोल्फ खेळायचा. म्हणजे तेच त्याचं काम, त्याचं पोट आणि त्याचं सगळं आयुष्य. या खेळात वर्षाला चार मोठ्या स्पर्धा असतात. त्यांतली एक जिंकता यावी म्हणून माणसं जन्म घालवतात. याने लागोपाठच्या दोन वर्षांत दोन जिंकल्या होत्या, आणि तेव्हापासून जगाला त्याच्याबद्दल एकच प्रश्न पडला होता: आता पुढे काय? वार्ताहर विचारायचे, न्हावी विचारायचा, दात काढता काढता दाताचे डॉक्टर विचारायचे, आणि तेव्हा तर त्याला उत्तरही देता यायचं नाही. त्याचा मॅनेजर मात्र विचारायचा नाही, सांगायचा. वय छत्तीस आहे. हात अजून थरथरत नाहीत. हीच चार-पाच वर्षं तुझी आहेत, यांत काय गोळा करायचं ते करून घे. धाकट्याला हे सगळं पटायचं. प्रश्न त्याच्या हातांचा नव्हताच, दादाच्या पायाचा होता.

अठरा वर्षं त्याची बॅग दादानेच उचलली होती. पहिल्या फुटकळ स्पर्धेला पगारी कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा, परवडत नव्हता, म्हणून दादाने कारखान्यातून आठवडाभराची रजा काढली होती. ती रजा अजून संपलेली नाही, असं दादा लोकांना सांगायचा. बॅग उचलणं हे कामाचं नुसतं नाव. खांद्यावर ओला टॉवेल टाकून तो पुढे चालायचा, वारा बघायचा, उतार वाचायचा, आणि स्टिक मागितली की काढून द्यायचा. देण्याची त्याची एक रीत होती. महत्त्वाच्या फटक्याआधी धाकटा श्वास रोखून धरतो, हे दादाने तो शाळेत असतानाच हेरलं होतं. म्हणून तो स्टिक पुढे करायचा, पण सोडायचा नाही. धाकटा एका टोकाला, दादा दुसऱ्या टोकाला. धाकट्याने श्वास सोडला की मगच दादाची मूठ उघडायची. दोन्ही मोठ्या स्पर्धांच्या शेवटच्या होलवर हेच झालं होतं, आणि टीव्हीवर बघणाऱ्यांना वाटलं होतं की भाऊ-भाऊ काहीतरी गुप्त बोलतायत. खरं तर या गोष्टीबद्दल ते दोघं आजवर एक अक्षरही बोलले नव्हते.

गेल्या मोसमाच्या शेवटी दादाचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला. दादाने तारीख घेतली आणि मग मान खाली घालून म्हणाला, बघू, सरावाला पाय कसा साथ देतो ते बघू. त्या दिवसापासून धाकट्याने बॅग हलकी करायला घेतली. स्टिकांना हात लावता येत नव्हता, त्यांच्यावर दादाचा डोळा असायचा. पण कप्प्यांत काय आहे ते कोण बघतं? आधी जास्तीचे चेंडू गेले, मग मोजे, मग हातमोजे, आणि आज छत्री-जाकिटाची पाळी होती. उन्हाचे दिवस होते, काही अडलं नाही.

"काल जेवताना काय म्हणाले माहितीये?" वहिनी म्हणाली. "ऑपरेशनची तारीख रद्द करून टाक. पाय सुधारलाय. बॅग आता कापसासारखी लागते. उठून मला दोन उठाबशा काढून दाखवल्या. तिसरीला टेबल धरलं, पण ते माझ्या लक्षात आलं नाही असं समजले."

धाकटा हसायला गेला आणि मध्येच थांबला.

"आणखी एक आहे. तुम्हाला सांगू नको म्हणालेत, म्हणून सांगते." तिने त्याच्या हातातला कप परत घेतला, जणू आता त्याला दोन्ही हात मोकळे लागणार होते. "हा मोसम असाच ओढला, तर नंतर ऑपरेशन करूनही पाय सरळ पडेल याची डॉक्टर खात्री देत नाहीत. आणि आत्ता केलं तर नीट चालतील, जिने चढतील, सगळं करतील. पण बॅग नाही. बॅग पुन्हा कधीच नाही. म्हणून ते टाळतायत."

धाकटा टायरांच्या चळतीवर बसला.

"मला आधी वाटलं, किती जीव लावतात भाऊजी," ती म्हणाली. "कौतुकच वाटलं. मोजे सापडले तेव्हा मी एकटीच हसत बसले होते. पण तुमच्या या मायेपायी माझा नवरा लंगडा होईल हो."

ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा धाकटा अर्ध्या चड्डीत होता. त्याच्या शाळेचा डबा तिने भरला होता आणि आई गेल्यावर त्याला तापात कुशीत घेऊन बसली होती. एवढ्या वर्षांत ती त्याच्याशी अशा आवाजात कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं असावं, कारण जाता जाता तिने त्याच्या केसांतून हात फिरवला.

दोन दिवस छत्री तिथेच राहिली. तिसऱ्या रात्री त्याने ती टायरांमागून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे सरावाला गेले. मैदानावर कोणी नव्हतं. लांबवर गवत कापायचं यंत्र फिरत होतं आणि दवाने ओल्या झालेल्या हिरवळीवर त्याच्या चाकांचे पट्टे उमटत होते. गाडीची डिकी उघडून दादाने बॅगेचा पट्टा धरला. धाकटा मुद्दामच बुटांच्या नाड्या बांधत बसला होता. त्याला वर बघायचा धीर होत नव्हता, आणि बघितल्याशिवायही राहवत नव्हतं.

बॅग उचलताना दादाचा खांदा जरासा खाली आला. त्याने क्षणभर डिकीवर हात टेकला. मग टॉवेल नीट केला आणि चालू लागला.

पहिल्या होलकडे जाणारी पायवाट चढाची आहे. धाकटा मागून चालत होता. दादाचा उजवा पाय प्रत्येक पावलाला बाहेरच्या बाजूला पडत होता. महिनाभरात तो असा पडताना दिसला नव्हता, की आपण बघितलंच नव्हतं, हे धाकट्याला सांगता आलं नसतं. दोनदा त्याच्या तोंडून 'दे इकडे' बाहेर पडायला आलं आणि दोनदा त्याने ते गिळलं. आपण काहीतरी क्रूर करतोय असं त्याला वाटत होतं. दादा मात्र मध्ये कुठेही थांबला नाही.

वर पोचल्यावर त्याने बॅग उभी केली, टॉवेलने तोंड पुसलं आणि शेजारच्या लाकडी बाकावर बसला. मग मोठ्या कप्प्याची चेन न उघडताच म्हणाला,

"छत्री परत आली वाटतं."

धाकटा बघतच राहिला.

"जाकीटही आलंय. चेंडू जरा जास्तच भरलेस. एवढे काय तळ्यात टाकणार आहेस?"

"तुला माहीत होतं?"

"अठरा वर्षं हा पट्टा खांद्यावर आहे, बारक्या. डोळ्यांना कळणार नाही, पण खांद्याला कळतं."

जगाच्या पाठीवर त्याला 'बारक्या' म्हणणारा हा एकच माणूस उरला होता.

"मग बोलला का नाहीस? पाय सुधारला म्हणून घरभर सांगत काय फिरलास? वहिनीला उठाबशा काय काढून दाखवल्यास?"

दादाने दूरच्या झेंड्याकडे बघितलं. झेंडा हलत नव्हता, पण त्याला वारा बघायची सवयच होती.

"पहिल्यांदा चेंडू कमी लागले तेव्हा म्हटलं, विसरला असेल. मग मोजे गेले. मग कळलं. बरं वाटलं रे. म्हटलं, हा बॅग रिकामी करतोय, म्हणजे याला अजून आपणच हवे आहोत. तू काढत होतास तोवर मी उचलणार होतो. नुसता सांगाडा राहिला असता तरी उचलला असता."

यंत्राचा आवाज वळण घेऊन लांब गेला.

"आज तू भरलीस. कळलं मला." दादाने खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची व्यवस्थित घडी घातली आणि बॅगेवर ठेवली. "बरोबरच आहे तुझं. तुझी वर्षं आता मोलाची आहेत. एखादा तरणाताठा बघ. मॅनेजरकडे नावं असतील. फक्त त्याला काही गोष्टी सांगायला हव्यात. शेवटच्या काही होलांवर तुला भूक लागते. तू कबूल करत नाहीस, पण लागते, आणि मग तू घाई करतोस. त्याने आधीच काहीतरी हातात द्यायचं. उतार डावीकडचा असला की तू नेम जास्तच बाहेर धरतोस, तिथे त्याने गप्प बसायचं नाही. आणि स्टिक—"

तो अडखळला.

"स्टिक लगेच सोडायची नाही म्हणावं."

धाकट्याला रडू आलं. दोन मोठे चषक उचलताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला थंड रक्ताचा म्हटलं होतं. आता तो बुटांच्या आधीच बांधलेल्या नाड्या पुन्हा बांधायला खाली वाकला.

"दुसरा कोणी नाही," तो खालूनच म्हणाला. "निदान आत्ता नाही. तुझ्या ऑपरेशनच्या आठवड्यात पहिली मोठी स्पर्धा आहे. मी तिकडे जात नाहीये. मॅनेजरला काल कळवलंय."

"डोकं फिरलंय का तुझं?" दादा एकदम उठायला गेला आणि पुन्हा बसला. "मला निमित्त करू नकोस हं. लोक काय म्हणतील? दोन जिंकला आणि घाबरला म्हणतील."

"म्हणू देत."

"आणि थांबून काय करणार? माझ्या उशाशी बसून माशा हाकणार? मी बरा झालो तरी ही बॅग मला परत उचलता येणार नाही. ते तुला सांगितलं नव्हतं मी."

"माहीत आहे. वहिनीने सांगितलं."

"तिच्या पोटात एक गोष्ट राहील तर शपथ," दादा पुटपुटला. मग हळू आवाजात, "माहीत आहे, आणि तरी थांबतोयस?"

"हो."

"मग उपयोग काय त्याचा?"

"काही नाही," धाकटा म्हणाला. "तुला एकट्याला चालायला लावायचं नाही, एवढंच."

दादाला वाद घालायचा होता हे त्याच्या जबड्यावरून दिसत होतं, पण मुद्दा सापडत नव्हता. शेवटी त्याने मुद्दा सोडून अट घातली. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं.

"एकच स्पर्धा चुकवायची. दुसरीला जायचं म्हणजे जायचं. आणि बॅग कोणी उचलायची ते मॅनेजर नाही, मी ठरवणार. मी त्याला आधी पारखून घेणार."

"बरं."

"आणि ते जास्तीचे चेंडू काढून टाक. उगाच कशाला कोणाच्या खांद्याला भार?"

परतताना बॅग धाकट्याने घेतली. दादा तोंडाने नाही म्हणाला, पण पट्टा त्याने धरून ठेवला नाही. उतरणीवर पट्टा खांद्यात रुतायला लागला तेव्हा धाकट्याला कळलं की आपण ही बॅग अशी भरलेली कधी उचललीच नव्हती. बॅगेवर नाव त्याचं होतं, पण वजन त्याला आज पहिल्यांदाच कळलं.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने वॉकर आणला आणि सांगितलं, आज उभं राहायचं आणि जमलं तर पॅसेजच्या टोकाच्या खिडकीपर्यंत जाऊन यायचं. वहिनी कपडे आणायला घरी गेली होती. पॅसेजच्या कडेला नातेवाइकांना बसायची जागा होती आणि तिथल्या टीव्हीवर ती मोठी स्पर्धा चालू होती. आवाज बंद होता. हिरव्यागार मैदानावर माणसं निःशब्द टाळ्या वाजवत होती. धाकटा पाणी भरून घ्यायला तिथे गेला तेव्हा टीव्हीसमोरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याच्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"तुम्ही तेच ना? मग इथे काय करताय?"

"कामावर आहे," धाकटा म्हणाला.

त्यांना वाटलं आपली ओळखण्यात चूक झाली. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा खेळ बघायला लागले.

दादा पलंगाच्या कडेला बसून होता. चेहरा ओढलेला होता, पण केस नीट विंचरलेले होते. धाकट्याच्या खांद्यावरचा ओला टॉवेल त्याला दिसला आणि त्याचे ओठ जरा हलले. नर्सने एका बाजूने आणि धाकट्याने दुसऱ्या बाजूने धरून त्याला उभं केलं आणि तसंच दारापर्यंत आणलं. नर्स एक पाऊल मागे उभी राहिली. समोर लांबच लांब पॅसेज होता, आणि पार शेवटी खिडकीचा उजेड.

"कसं आहे?" दादाने विचारलं.

धाकट्याने डोळे बारीक करून पॅसेज वाचला.

"बरंचसं सपाट आहे. शेवटी फरशी थोडी डावीकडे उतरते. पाण्याच्या पिंपाजवळ ओलं आहे, तिथे उजवी बाजू धर."

"वारा?"

"पंख्याचा. मागून आहे."

"मग बरंय," दादा म्हणाला.

नर्स दोघांकडे आळीपाळीने बघत होती. धाकट्याने वॉकर दादासमोर आणला. दादाने दोन्ही हातांनी त्याच्या दांड्या घट्ट पकडल्या आणि तो पुढे सरकवायला गेला. वॉकर हलला नाही. समोरची दांडी धाकट्याने धरून ठेवली होती.

"दे की," दादा म्हणाला.

धाकट्याने दिला नाही. तो दादाकडे नुसता बघत उभा राहिला. दादाचे खांदे कानांपर्यंत वर आले होते, बोटांची पेरं पांढरी पडली होती आणि छाती मुळीच हलत नव्हती. दादाने मान वर केली, टॉवेल पाहिला, दांडीवरचा तो हात पाहिला, आणि त्याच्या डोळ्यांत सगळं भरून आलं.

मग त्याने सावकाश श्वास सोडला, आणि धाकट्याने मूठ उघडली.